खासदारांच्या टेबलावरचं निवेदन

एकोणीस वर्षं मी एका खासदारांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात स्वीय सहायक होतो. २०१९ ला निवृत्त झालो. रोज सकाळी टपाल फोडायचं, बारनिशीत चढवायचं, आवक क्रमांक टाकायचा. मग कोणतं पत्र साहेबांपुढे ठेवायचं, कोणतं परस्पर कलेक्टर कचेरीला पाठवायचं आणि कोणतं दप्तरी दाखल करायचं, हे मीच ठरवायचो. दप्तरी दाखल म्हणजे पत्र फाईलला लागलं आणि विषय संपला.

जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे एक आठ पानी पत्र आलं. लिहिणारा चोवीस वर्षांचा मुलगा होता. महिनाभरापूर्वीच, ११ डिसेंबर २०१३ ला, सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा निकाल फिरवून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं होतं. मी आजपासून गुन्हेगार ठरलो का, एवढं साहेबांनी संसदेत विचारावं, अशी त्याची मागणी होती. मी दोन पानं वाचली, कोपऱ्यात ‘द. दा.’ लिहिलं आणि फाईल बंद केली. साहेबांना दाखवलंसुद्धा नाही.

२०१७ च्या दिवाळीत माझ्या मुलाने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि तो गे असल्याचं सांगितलं. त्या रात्री मला ते पत्र आठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन फाईल काढली आणि आठही पानं वाचली. फोन नंबर कुठेच नव्हता. पत्त्यावर माणूस पाठवला, तर तो मुलगा खोली सोडून केव्हाच गेला होता.

तेव्हापासून मी अनेक आईबापांना आणि पोरापोरींना निवेदनं लिहून देतो, सोबत जातो. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी पुढाऱ्याला हलवायचं कसं, हे टेबलाच्या त्या बाजूने जे दिसलं ते इथे मांडतो.

सगळ्यात आधी, काम कोणाच्या हातातलं आहे ते बघा. लग्नाचा कायदा म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. तो संसदेचा आहे, त्यासाठी खासदार. पोलीस आणि सरकारी दवाखाने राज्याकडे, तिथे आमदार. रेशनकार्डावर नाव चढवणं तहसील कचेरीचं, आणि बँकेत जोडखातं उघडणं शाखा व्यवस्थापकाचं. आमच्याकडे येणाऱ्या निवेदनांत हे सगळं एकत्र कालवलेलं असायचं. दहा मागण्यांचं पत्र आलं की पीएला ते कोणत्या खात्याला पाठवावं कळत नाही, मग ते फाईलला लागतं. एका पत्रात एकच मागणी. दुसरी असेल तर दुसरं पत्र.

पत्र एका पानाचं असू द्या. वर नाव, गाव, पिनकोड आणि मतदार यादीतला भाग क्रमांक लिहा. भाग क्रमांक लिहिलेलं पत्र मी कधी बाजूला टाकलेलं आठवत नाही, कारण तो माणूस आपला मतदार असल्याचं त्यातून सिद्ध होतं. एका लोकसभा मतदारसंघात अठरा-वीस लाख मतदार असतात. समलिंगी माणसं आपल्याकडे नाहीतच, असं साहेब मनापासून मानत होते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्यासमोर तसं सांगणारं कधी कोणी बसलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टानेही २०१३ च्या निकालात असंच म्हटलं होतं की हा लोकसंख्येतला अगदी नगण्य भाग आहे. पुढाऱ्याच्या मनातलं हे ‘नगण्य’ पुसायला वेगवेगळ्या तालुक्यांतली, भाग क्रमांक घातलेली वीस पत्रं पुरतात. मजकूर मात्र प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. एकाच मजकुराच्या शंभर प्रती आल्या, तर पीए त्या एकच पत्र म्हणून मोजतो. मीही तेच करायचो.

पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नुसतं हातात देऊन नमस्कार करून परत आलात, तर ते पत्र दिलंच नाही असं समजा.

भेटायला कोण जावं? आईवडील. हे मी बाप म्हणून सांगत नाही, हिशेबाने सांगतो. कलम ३७७ च्या खटल्यात समलिंगी मुलामुलींचे एकोणीस पालक सुप्रीम कोर्टात उभे राहिले होते. २०२३ मध्ये लग्नाच्या हक्काची सुनावणी चालू असताना ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. पुढाऱ्यासमोर विशीतलं पोर बसलं की त्याला आंदोलन दिसतं. साठीतली बाई बसली की घर दिसतं. एकदा मी एका आईला घेऊन गेलो होतो. ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिने फक्त एवढंच विचारलं, “माझ्या लेकीला उद्या अॅडमिट केलं, तर सही कोण करणार? तिच्याबरोबर अकरा वर्षं राहणाऱ्या मुलीला आयसीयूच्या दारात उभं करणार का?” त्या पुढाऱ्याने पहिल्यांदाच चहाचा कप खाली ठेवला आणि नीट ऐकलं.

शिष्टमंडळ चार-पाच जणांचं असावं. एक पालक, एक डॉक्टर, एक वकील, आणि ज्याच्यासाठी मागणी आहे ते माणूस, पण त्याची स्वतःची इच्छा असेल तरच. या बाबतीत मी फार कडक आहे. खासदारांच्या कार्यालयात ड्रायव्हर असतो, कार्यकर्ते असतात, गावचा सरपंच कामासाठी बसलेला असतो. तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत गावात पोचतं. ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याचं नाव, फोटो, गाव, काहीही निवेदनात येता कामा नये. नाव न घालता ‘आपल्या मतदारसंघातील एक नोकरदार जोडपं’ असं लिहिलं तरी मुद्दा तेवढाच पोचतो. फोटो काढायचा आग्रह झाला तर ज्यांना नको असेल त्यांना आधीच बाहेर पाठवा.

भेट शनिवार ते सोमवार सकाळ या वेळात मागा. अधिवेशन चालू असताना साहेब दिल्लीत असतात आणि शुक्रवारी रात्री परततात. शनिवारी सकाळी तुफान गर्दी असते, रविवारी दुपारी माणूस थोडा मोकळा असतो.

समोर बसल्यावर संस्कृतीचा वाद घालू नका. त्यात दोन्ही बाजू थकतात आणि पुढारी सुटतो. त्याला हो म्हणता येईल असं काहीतरी हातात ठेवा. चळवळीने गेल्या तीस वर्षांत हेच केलं. मुंबईत अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि त्याचं काम सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्याच जुन्या इमारतीतून चालायला लागलं. नैतिकतेच्या दारावर धडका मारत बसण्याऐवजी त्यांनी आरोग्याचं दार ठोठावलं, आणि ते उघडलं. दिल्लीत नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये कलम ३७७ विरुद्ध याचिका केली, तीही एचआयव्हीच्या कामात हे कलम आड येतं म्हणून.

पुढे जे घडलं ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे. त्या खटल्यात केंद्राच्या दोन खात्यांनी एकमेकांच्या विरुद्ध प्रतिज्ञापत्रं दिली. गृह खातं म्हणालं कलम राहू द्या. आरोग्य खात्याच्या नॅकोने, म्हणजे एड्स नियंत्रणाचं काम बघणाऱ्या संस्थेने, सांगितलं की पुरुषांशी संबंध ठेवणारे सुमारे २५ लाख पुरुष आहेत, त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आहे, बाकी लोकांत ते एक टक्क्याहून कमी आहे, आणि या कलमाच्या भीतीने ती माणसं लपतात, उपचारापर्यंत येत नाहीत. २००८ मध्ये आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी हे कलम जावं असं उघडपणे म्हटलं. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने प्रौढांच्या संमतीचे संबंध या कलमातून वगळणारा निकाल दिला, आणि पुढे केंद्र सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं नाही. बाहेरून सरकार एक दिसतं, आत खाती वेगवेगळी असतात. तुमच्या मागणीने ज्या खात्याचं काम सोपं होतं ते शोधा आणि पत्र त्या खात्याच्या मंत्र्याला जाईल असं बघा.

आता खासदाराकडून नेमकं काय करून घ्यायचं ते सांगतो.

सगळ्यात सोपं म्हणजे मंत्र्याला पत्र. खासदाराच्या लेटरहेडवर पत्र गेलं की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं. मसुदा तुम्हीच टाईप करून पेनड्राइव्हवर न्या. पीएचं काम वाचलं की पत्र त्याच दिवशी जातं. माझ्या टेबलावर मसुद्यासकट आलेलं निवेदन आणि नुसतं आलेलं निवेदन यांत आठवड्यांचा फरक पडायचा.

त्याच्या पुढची पायरी प्रश्नाची, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. एका खासदाराला दिवसाला पाच सूचना देता येतात आणि पंधरा पूर्ण दिवस आधी त्या द्याव्या लागतात. तारांकिताचा हट्ट धरू नका. बॅलटमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या सोडतीत, पहिल्या चार-पाचांत आला तरच तो तोंडी विचारला जातो. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, ते संसदेच्या संकेतस्थळावर कायम राहतं आणि कोर्टातही दाखवता येतं. खासदाराला सभागृहात उभंही राहावं लागत नाही, त्यामुळे ज्याला पक्षाची भीती वाटते तोही तयार होतो. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यात मत नको, आरोप नको, कोर्टापुढे चालू असलेला विषय नको. सभागृहाला तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, पण आधी मराठीत पक्का करा. मी देतो तो नमुना असा:

“सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) समलिंगी जोडप्यांच्या अडचणींसाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये नेमलेल्या समितीच्या आजवर किती बैठका झाल्या, (२) समितीने कोणत्या शिफारशी केल्या, (३) शिधापत्रिका व बँक खात्यांबाबतच्या सूचनांची महाराष्ट्रात काय अंमलबजावणी झाली?”

हा प्रश्न मी ज्यांच्याकडे दिला, त्यांचा तो दोनदा बॅलटमध्ये आला नाही. तिसऱ्यांदा देऊन ठेवलाय. प्रश्नाच्या बाबतीत चिकाटी लागतेच.

प्रश्नाशिवाय शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायची वेळ, आहे, आणि लोकसभेत नियम ३७७ आहे. होय, आकडा तोच. त्या नियमाखाली खासदार मतदारसंघातला विषय छोट्या निवेदनाने मांडतो आणि मंत्रालय त्याला लेखी उत्तर पाठवतं. ज्या आकड्याने आपल्या पोरांना दीडशे वर्षं घाबरवलं, त्याच आकड्याखाली त्यांचा विषय सभागृहाच्या कामकाजात नोंदवता येतो, हे मला माझ्या मुलाला सांगावंसं वाटलं आणि मी त्याला फोन करून सांगितलं.

खासगी विधेयकाबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः आणलेल्या विधेयकाबद्दल, लोकांच्या अपेक्षा फार असतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. ती शुक्रवारी दुपारी घेतली जातात, तेव्हा निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये कलम ३७७ दुरुस्त करणारं विधेयक आणलं, तर ते मांडायलाच विरोध झाला. ७१ विरुद्ध २४. पुन्हा मार्च २०१६ मध्ये, ५८ विरुद्ध १४. सभागृहात साडेपाचशेच्या आसपास सदस्य, आणि हजर शंभरसुद्धा नव्हते. विरोध मोठा होता असं मी म्हणणार नाही, गैरहजेरी मोठी होती. म्हणून विधेयक येणार असं कळलं की आपल्या खासदाराला ‘पाठिंबा द्या’ म्हणण्याआधी ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दिल्लीत थांबा’ अशी विनंती करा. तेवढी विनंती कोणताही खासदार सहज नाकारत नाही.

अशी विधेयकं १९७० नंतर कायदा झालेली नाहीत. तरी ती वाया जात नाहीत. खासदार तिरुची शिवा यांचं पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेने एकमताने मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणणं भाग पडलं. सरकारच्या २०१६ च्या मसुद्यातली व्याख्या अपमानकारक होती, भीक मागण्याबद्दलचं कलमही होतं. पारलिंगी माणसांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे जाऊन, मोर्चे काढून, कलमवार हरकती लिहून ते झोडपलं. २०१९ चा कायदा झाला तेव्हा ती व्याख्या गेलेली होती आणि भिकेचा उल्लेखही. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची अट मात्र राहिली, आणि ती मला आजही चुकीची वाटते. यातून शिकायचं ते कलमवार लिहिणं. ‘हा कायदा आम्हाला मान्य नाही’ असं पत्र समिती बाजूला ठेवते. ‘कलम अमुक, ओळ तमुक, त्याऐवजी हे शब्द’ असं लिहिलं की समितीच्या कर्मचाऱ्याला ते तक्त्यात घालता येतं. नव्या विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांसाठी खुला ठेवावा असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. ते दरवेळी पाळलं जात नाही, तेव्हा ‘तीस दिवस का दिले नाहीत’ हाच प्रश्न खासदाराला द्या.

आपल्या महाराष्ट्रातून सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं, समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावं म्हणून. त्याच्या दीड वर्ष आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्यांच्या पक्षाने एलजीबीटी सेल, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी माणसांसाठीचा विभाग, सुरू केला होता. पक्षात असा सेल असला की कार्यकर्त्याला पुढाऱ्याच्या घरी उंबरठ्यावर उभं राहावं लागत नाही, आतून माणूस मिळतो. तुमच्या जिल्ह्यातल्या पक्षांकडे असा सेल मागा, सगळ्याच पक्षांकडे मागा. जाहीरनाम्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने व्यापक चर्चेनंतर अशा जोडप्यांच्या नात्याला मान्यता देणारा कायदा आणू असं लिहिलं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानेही असंच वचन दिलं. ते वाक्य कापून फाईलला लावा. पुढारी बोललेलं विसरतो, छापलेलं विसरता येत नाही.

एक चक्र मात्र ओळखून असा. पुढाऱ्याला अवघड झालं की तो म्हणतो, कोर्ट बघेल. जुलै २०१८ मध्ये केंद्राने कलम ३७७ चा निर्णय कोर्टाच्या शहाणपणावर सोडला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं तेव्हा आमच्या घरी पेढे आले. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की हे संसदेचं काम आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे चेंडू आता पूर्णपणे संसदेच्या अंगणात आहे. साहेब ‘कोर्टात आहे ना’ म्हणाले, तर निकालाची तारीख कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा.

त्या निकालातून एक कामाची गोष्ट निघाली, आणि ती गावपातळीवर कोणालाच माहीत नाही. सरकारने कोर्टाला दिलेल्या शब्दाप्रमाणे समिती नेमली, आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या. समलिंगी जोडीदार रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावेत. बँकेत जोडखातं उघडायला, खात्यावर जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला कसलीही बंदी नाही. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं. दिल्लीत झालेलं हे काम जिल्ह्यात पोचवणं आता आपल्या हातात आहे. परिपत्रकाची छापील प्रत घ्या. गेल्या वर्षी मी दोन मुलांबरोबर एका बँकेत गेलो. अधिकारी म्हणाले, असं खातं होत नाही. मी २८ ऑगस्ट २०२४ चं अर्थ खात्याचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, वरिष्ठांना फोन केला, आणि चार दिवसांनी पासबुक मिळालं. तहसीलदार नाही म्हणाले तर तोंडी ऐकून परतू नका, नकार लेखी मागा. तो लेखी नकार आमदाराकडे न्या. अशा एका नकाराने विधानसभेत प्रश्न तयार होतो.

तसंच डॉक्टरांचं. समलिंगी माणसाला ‘बरं करतो’ म्हणणारा उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. त्याआधी मद्रास हायकोर्टाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये एका जोडप्याच्या खटल्यात अशा उपचारांना मनाई केली होती. दोन मुलींनी घरच्यांपासून संरक्षण मागितलं, आणि त्यातून देशभरच्या डॉक्टरांसाठी नियम निघाला. तुमच्या शहरात असा इलाज करणारा कोणी असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा, आणि तिची प्रत खासदारांना द्या.

मंत्रालयाकडून ‘आपले पत्र मिळाले, तपासून घेत आहे’ असं उत्तर येतं. ते शेवट समजू नका. महिनाभर थांबून माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा की त्या पत्रावर काय कार्यवाही झाली. फाईल कोणत्या टेबलावर आहे ते कळतं, आणि पुढचं पत्र त्या टेबलाच्या नावाने जातं.

आणि निवडणूक झाली की एक करा. खासदार बदलला तर कार्यालय बदलतं, जुन्या फायली गठ्ठ्यात बांधून कुठल्यातरी खोलीत जातात. मी स्वतः असे गठ्ठे बांधलेत, त्यातच ते आठ पानी पत्र होतं. म्हणून सगळ्या पोचा, उत्तरं, परिपत्रकं तुमच्या घरी एका फाईलमध्ये ठेवा, आणि नवे खासदार आले की पहिल्या महिन्यातच जुन्या पत्रांची यादी जोडून नवं निवेदन द्या, नवा आवक क्रमांक घ्या. पत्रावर फोन नंबर लिहायला विसरू नका.